थीम पार्कीं जावयास जेवूं घातल्याची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. ऐकणारांनीं आधीं जेवून घ्यावें, मग ऐकावें. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासीं, भाऊबीज पार पडल्याउपरी दुसरे दिवशीं जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें.

कोणे एके राज्यांत राजश्री दिगंबरराव राज्य करीत होते. राज्य म्हणावें तर तीन खोल्या, एक गच्ची आणि पेन्शन; परंतु मिजास थोर. पट्टराणी कुमुदिनीबाईसाहेब आणि एकुलती कन्या गौतमी. कन्येचें लग्न फाल्गुनांत जाहलें आणि जावई राजश्री तन्मयराव पहिल्या दिवाळसणास आले. सासऱ्यांनीं अंगठीची गोष्ट काढिली, तों जावई बोलिले कीं अंगठी नको, सर्वांनीं मिळून एक दिवस थीम पार्कास जाऊं. आणि सासरे यावर विचार करितात तों जावयांनीं चौघांचीं तिकिटेंही मोबाइलवर परस्पर काढून ठेविलीं. तेणेंकरून दिगंबरराव बहुत खट्टू जाहले. सण आपला, जावई आपला आणि खर्च मात्र जावयाचा, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? मग त्यांनीं मनांत निश्चय केला कीं तेथील खाणेंपिणें सर्व आपण करावें, जावयाचा हात खिशाकडे जाऊं देऊं नये, आणि जावई तृप्त होऊन परतावा. नाहींतर कन्येस सासरीं मान वर करून बोलतां येणार नाहीं. मग अन्नखर्चाचा अंदाज बांधावयास बसले. बाईसाहेब म्हणाल्या धपाटे बांधून घेतें, तों जावई बोलिले कीं बाहेरचें अन्न आंत सोडीत नाहींत. तेव्हां दिगंबररावांनीं आपल्या चौकांतील मिसळीचा भाव धरिला, तो दुप्पट केला, वर चहापाण्याची भर घातली, आणि ही रक्कम चौघांस पुरून उरेल ऐसें समजून निश्चिंत निजले.

प्रातःकाळीं कूच जाहलें आणि पार्काचे वेशीवर पहिलाच पेच पडला. आंत रोकड चालत नाहीं, ऐसें सांगून तेथील बाईनें सर्व रक्कम घेतली आणि दिगंबररावांचे मनगटास एक निळी रबरी पट्टी बांधून म्हटलें कीं पैसे आतां हिच्यांत आहेत. दिगंबररावांनीं पट्टी उलटी केली, सुलटी केली, उजेडांत धरिली. पैसे कोठेंच दिसेनात. मग खाद्यदालनांत गेले, तों भिंतीवर भावांचा पडदा, आणि तो एका जागीं ठरेना. वड्याचा भाव वाचावा तों पिझ्झा येई, पिझ्झ्याचा आंकडा समजून घ्यावा तों आइस्क्रीम येई. वडापाव सुटा घ्यावा तर महाग, त्यासवें रंगीत पेय घ्यावें तर एकूण थोडेंच अधिक. मग पेय फुकट कीं वडा फुकट, हा विचार करितां करितां रांग पुढें सरकली आणि मागील लोक खाकरूं लागले. दिगंबररावांस दरदरून घाम फुटला. आपला अंदाज येथें एका जेवणासही पुरत नाहीं, एवढें मात्र समजलें.

आतां सासुरवाडीची रीत सर्वांस ठाऊक. जावयास विचारावें, त्यानें नको म्हणावें. पुन्हां विचारावें, त्यानें पुन्हां नको म्हणावें. मग तिसऱ्यांदा आग्रह करावा आणि त्यानें आढेवेढे घेत होय म्हणावें. ही रीत दिगंबररावांनीं स्वतः जावई असतां मनोभावें पाळिली होती. परंतु त्या दिवशीं पडदा पाहून बुद्धि फिरली. जावयास विचारिलें, नको म्हणाले. पुन्हां विचारिलें, नको म्हणाले. आणि दिगंबररावांचे जिवास ऐसें हायसें वाटलें कीं तिसऱ्यांदा विचारावयाचें राहूनच गेलें. बाईसाहेबांनीं पतीचा चेहरा ओळखून आपणांस कसली भूक म्हणून सांगितलें, कन्येनें तेलकट सोसत नाहीं ऐसें निमित्त केलें, आणि अखेर चौघांत एक इडलीची बशी घेतली. दुपारीं पुन्हां दोन वेळां नको जाहलें, बशीही घेतली नाहीं, आणि मग चहाच्या वेळींही तेंच. पट्टींतील पैसे शाबूत राहिले. त्याचा आनंद मानावा कीं शरम, हें दिगंबररावांस कळेना आणि ते उगाच मनगट चोळीत हिंडत राहिले.

मग सायंकाळचे सुमारास सर्वजण उंच पाळण्यांत बसले, आणि खालीं उतरतांच तन्मयराव पांढरे पडून कट्ट्यावर बसले. गौतमी पाणी आणावयास धांवली, बाईसाहेब पदरानें वारा घालूं लागल्या. दिगंबररावांनीं पाळण्यास आणि पाळणा चालविणारांस पुष्कळ बोल लाविला. तेव्हां जावई हळूच बोलिले, "बाबा, पाळण्यानं नाही चक्कर आली. सकाळपासून पोटात फक्त अर्धी इडली आहे."

"अहो, मग मी विचारलं तेव्हा नको का म्हणालात?"

"माझ्या आईनं बजावून पाठवलं होतं, पहिला सण आहे, लगेच हो म्हणू नकोस म्हणून. तुम्ही तिसऱ्यांदा विचाराल, म्हणून दर वेळी थांबलो."

हें ऐकून दिगंबररावांस मेल्याहून मेल्यासारखें जाहलें. परमुलखांत नेऊन आपण आपला जावई उपाशी मारिला, आणि तोही पट्टींत पैसे असतां! मग ते उठले ते तडक खाद्यदालनांत शिरले, बाकीचे तिघे मागोमाग. पडद्याकडे पाहिलेंच नाहीं. छोले आणा म्हणाले, पुलाव आणा म्हणाले, वडे आणा आणि तें रंगीत पेयही आणा म्हणाले, आणि पट्टी यंत्रास लावीत सुटले. तिघांचीं ताटें भरलीं आणि चौथ्याचे वेळीं यंत्र तांबडें होऊन ओरडलें. पट्टी रिती जाहली होती. दिगंबरराव म्हणाले कीं आपणांस मुळींच भूक नाहीं. तोंच मागून तन्मयरावांचा हात खिशाकडे गेला. दिगंबररावांनीं तो पाहिला आणि धरावयास आपला हात पुढें केला, परंतु धरवेना.

"बाबा, तुमचं ताट मी घेतो. जेवाल ना?"

दिवसभर ताठ धरिलेली मान खालीं गेली आणि डोळ्यांत पाणी आलें. रीतीप्रमाणें दोन वेळां नको म्हणावयाचें होतें.

"हो," दिगंबरराव पहिल्याच वेळीं म्हणाले.

येणेंप्रमाणें मोहीम जाहली. जावई जेवला हें खरें, परंतु सासऱ्यास जावयानें जेवूं घातलें हेंही खरें. सबब जय कीं पराजय, याचा निर्णय दिगंबररावांस आजतागायत होत नाहीं. पुलाव मात्र बरा होता, ऐसें ते सांगतात. कळावें, लेखनसीमा.