लॉइडच्या चॉकलेटची वजाबाकी

मिनेसोटातल्या एका परगण्याच्या नोंदणी कचेरीत दाराला लागून पार्किंगची जागा एकच आहे. बाकीच्या गाड्या पार मैदानाच्या टोकाला. जानेवारीत त्या टोकापासून दारापर्यंत यायचं म्हणजे नाक गोठतं, आणि तिथला कारकून लॉइड हाउगन याचा तर डावा गुडघाही संपावर गेलेला. त्यामुळे महिनाभर सर्वांत कमी ‘निव्वळ कार्ब’, म्हणजे वजावट करून उरलेली पिठूळ-गोड कर्बोदकं, खाणाऱ्याला ती जागा वर्षभर मिळेल, असं कचेरीच्या आरोग्य समितीने जाहीर करताच लॉइडने कंबर कसली. त्याने ब्रेड सोडला, बटाटा सोडला, आणि चौथ्या दिवशी आता प्राणही सुटतो की काय असं त्याला वाटलं.

पाचव्या दिवशी त्याच्या हाती साखरमुक्त चॉकलेट आलं. वेष्टनावर लिहिलेलं: एका वडीत एकूण कार्ब वीस ग्रॅम. त्यांतलं शुगर अल्कोहोल, म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोडवा, अठरा. आणि समितीच्या फॉर्मवर तर छापलेलंच होतं: ‘शुगर अल्कोहोल वजा करावे.’ उरले दोन! नाव शुगर, आडनाव अल्कोहोल, आणि हजेरीपटावर दोघंही नाहीत. लॉइड रोज एक वडी खाऊ लागला, मग चार, मग आठ. दुपारनंतर पोटात ढोल-ताशे वाजायचे, खुर्ची आणि संडास यांच्यात येरझारा व्हायच्या. पण फॉर्मवरचा आकडा बघून त्याला बरं वाटायचं.

महिनाअखेर तो पहिला आला. दारापाशी तोवर मार्लिस एंगेब्रेटसनची गाडी उभी असे. ती समितीची अध्यक्ष. महिनाभर कोबी चावून बिचारी दुसरी आली होती. तिने लॉइडचे फॉर्म नियमावलीशेजारी ठेवून वाचले आणि रीतसर सुनावणी लावली. एरवी कॉफीच्या मशीनपाशी ती त्याला अरे-तुरे करायची, पण सुनावणीत एकदम ‘आपण’वर आली.

“आपण दिवसाला एकशे चव्वेचाळीस ग्रॅमपर्यंत अल्कोहोल घेतल्याचं लिहिलंय. तेही कामाच्या वेळेत.”

“अगं, ती दारू नव्हे. नुसतं नाव तसं आहे.”

“अल्कोहोल नाही ना? मग वजा कसं होईल? परत मिळवते. आपण शेवटून पहिले.”

लॉइडच्या डोळ्यांसमोर ते मैदान आलं, आणि पोटात कळही आली.

“थांब, थांब. आहे बाई. अल्कोहोलच आहे ते.”

“तसं लिहून सही करा.”

त्याने सही ठोकली आणि संडास गाठला.

निकाल दोन कलमांचा लागला. कलम एकप्रमाणे दारापाशची जागा वर्षभर लॉइडची. कलम दोनप्रमाणे, कामाच्या वेळेत अल्कोहोल घेतल्याचं कबूल केल्यामुळे त्याने वर्षभर कचेरीच्या आवारात गाडी आणायची नाही.

आता तो बसने येतो. थांब्यापासून बर्फातून लंगडत आला, की दारापाशी त्याच्या नावाची पाटी दिसते आणि तिच्यापुढे मोकळी जागा. मैदानाच्या टोकाहून कुडकुडत आलेली मार्लिस जाता जाता त्या पाटीवरचा बर्फ झटकते. नियम म्हणजे नियम, असं दोघंही म्हणतात.

हसताय? हसा की. फक्त मागच्या एकादशीला दोन बशा साबुदाण्याची खिचडी कोणत्या रकान्यात वजा केलीत, तेवढं सांगा.