वडशाहून आणलेले नट

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली. साल पक्कं आठवतं, कारण माझी मुलगी जया त्या वर्षी बारावीला होती आणि आमच्या घरात 'मले' या शब्दावर बंदी आली होती.

त्याचं असं झालं. जयाला बारावीनंतर पुण्याच्या शेती कॉलेजात जायचं होतं. वसतिगृहाचा भरवसा नव्हता. पुण्यात आमचं हक्काचं घर एकच, माझ्या नणंदेचं. पुष्पलता ब्रह्मपुरीत जन्मली, इथल्याच तळ्यात पोहायला शिकली आणि बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याला गेली. तिथे ती अशी काही पुणेकर झाली की मूळचे पुणेकर तिच्यापुढे गावठी वाटावेत! तिचं पत्र आलं, 'जयाला ठेवून घ्यायला हरकत नाही. पण आमच्या सोसायटीत सगळी सुशिक्षित माणसं आहेत. मुलीचं बोलणं-वागणं एकदा येऊन पाहते, मग कळवते.'

म्हणजे परीक्षाच! पेपर जयाचा, पण बसायचं सगळ्या घरादारानं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे तयारी माझ्याकडे आली. 'मला'चं मले, 'तुला'चं तुले, 'का'चं काऊन, 'कुठे'चं कुठी, सगळं बंद. आमचे हे, दादाजी, पंचायत समितीत कारकून आणि वॉर्डाच्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष. रोज तासभर भाषण ठोकणारा माणूस, पण पुणेरी बोलायचं म्हटल्यावर फक्त 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर आला.

"आणि जेवणानंतर गोड काय?" त्यांनी विचारलं. आठवड्यातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

"टार्ट!" मी म्हटलं.

"काय?"

"फ्रूट अँड नट टार्ट. मासिकात आलंय. पुष्पाताईंनी तोंडात बोट घातलं पाहिजे!"

बोट घातलं, पण वेगळ्या कारणानं. ते पुढे येईल.

मासिकातल्या फोटोत खुसखुशीत वाटी, वाटीत पिवळंधमक कस्टर्ड, कस्टर्डवर फळांच्या फोडी आणि सगळ्यात वर अक्रोड होते. फळं होती. कस्टर्डची पावडर नागपूरहून मागवली. अक्रोड मात्र तेव्हा ब्रह्मपुरीत मिळत नसत; वडशाच्या बाजारात मिळतात असं ऐकलं होतं. आता, 'सुका मेवा पाहिजे' असं सरळ म्हटलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मासिक वाचल्यापासून मी सुक्या मेव्याला नट म्हणायला लागले होते.

शेजारी नूर मोहम्मदची बेकरी होती. त्याचा धाकटा भाऊ अकरम ब्रह्मपुरी ते वडसा जीप चालवायचा. चाळिशीचा, मिशाळ, शब्दाला जागणारा माणूस. शनिवारी सकाळी तो जीप पुसत होता. मी कुंपणावरून आवाज दिला.

"अकरमभाऊ, उद्या वडशाहून येताना मला नट आणून द्याल का?"

त्याचा हात थांबला. "नट? वडशाचे?"

"वडशाचेच. इथे कुठे मिळतात?"

"हे बराबर हाय. किती पायजे?"

"फार नकोत. पण मिक्स आणा, सगळे एका तऱ्हेचे नको. आणि जुने नको हं, जुने खवट असतात."

"असतेत," अकरम अनुभवानं म्हणाला.

"कडक असले तरी चालतील. घरी फोडू."

"फोडू?"

"मग? पाहुण्यांसमोर नाही, मागे स्वयंपाकघरात फोडू."

अकरमनं फडकं खांद्यावर टाकलं. "बाई, दादाजीभाऊले विचारलं हाय ना?"

"त्यांना काय कळतं त्यातलं!"

अकरमनं खांद्यावरचं फडकं परत हातात घेतलं. मग म्हणाला, "ठीक हाय. आनतो."

आता बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम लागतो. गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई तिथे रात्रभर नाटक. या नाटक कंपन्यांचं ठाणं म्हणजे वडसा. हंगामात तिथे किराणा दुकानांपेक्षा कंपन्यांच्या पाट्या जास्त! डिसेंबरात वडशाहून नट आणायचे म्हटलं, तर आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे अक्रोड येईलच कसा? हे आज सुचतं. तेव्हा मी लोणी मोजत होते.

मासिक म्हणत होतं, पीठ हलक्या हातानं मळावं. मी पंचवीस वर्षं पोळ्या लाटलेली बाई! मला ते पीठ कच्चं वाटलं. चांगलं अर्धा तास तिंबलं, बुक्क्या मारून मारून. मग बारा स्टीलच्या वाट्यांना आतून ते लिंपलं आणि परात घेऊन बेकरीत गेले.

नूर मोहम्मदची बायको खुर्शीदा परातीत वाकून म्हणाली, "बाई, कणकीचे दिवे करून राह्यल्या का?"

"टार्ट आहेत. नूरभाऊ, एकशे ऐंशी डिग्री, वीस मिनिटं."

"आपल्या भट्टीले डिग्री नाई, बाई," नूर मोहम्मद म्हणाला. "मी हात घालतो. पाच मोजेपर्यंत हात टिकला तं टोस्ट, दहा मोजेपर्यंत टिकला तं नानकटाई."

"मग टार्टला?"

त्यानं विचार केला. "आठ."

टार्ट निघाले ते थेट फोटोतल्यासारखे. सोनेरी, गोल! खुर्शीदाच्या हातून एक खाली पडला. फुटला नाही. फरशीवर टण्‌ वाजला, चाकासारखा गडगडत भिंतीपर्यंत गेला आणि तिथे लोळण घेऊन थांबला.

"मजबूत झाले," नूर मोहम्मद अभिमानानं म्हणाला.

त्याच संध्याकाळी पुष्पलता आली. आल्या आल्या विचारलं, "वहिनी, इथे अजून गीझर नाही का?" रविवारी सकाळपासून ती जयाला प्रश्न विचारत होती आणि जया प्रत्येक 'मला'च्या आधी थांबून श्वास घेत होती, नाल्यावरून उडी मारावी तशी.

"मला... वाचायला आवडतं, आत्या. मला... भात कमी आवडतो."

शेवटचं खोटं होतं. धानाच्या मुलखातली पोर!

दुपारचं जेवण झालं. परीक्षा पासच्या काठावर आली होती. मी बारा टार्टमध्ये कस्टर्ड भरलं, त्यावर संत्र्याच्या फोडी आणि डाळिंबाचे दाणे मांडले आणि वर नटांची जागा मोकळी ठेवली. सूप आणि बत्ता तयार ठेवला. तेवढ्यात अंगणात जीपचा हॉर्न!

"बाई! नट आनले!"

"आणलेत?" मी स्वयंपाकघरातूनच ओरडले. "आधी धुऊन घ्या!"

मग अकरमचा आवाज, "तोंडं नाई धुतले त्यायनं. रातभर नाटक होतं, झोपेतून उठवून आनले!"

मी तशीच बाहेर आले. एका हातात सूप, दुसऱ्या हातात बत्ता. अंगणात चार माणसं उभी होती. एक सहा फुटी, पन्नाशी उलटलेला, अर्धी मिशी चिकटलेली आणि अर्धी लोंबणारी. एक ठेंगणा, भुवयांना अजून काजळी फासलेली. एक राजबिंडा, उभ्या उभ्या झोपलेला. आणि काखेत उशी घेतलेली एक बाई, तोंडावर रात्रीची पावडर.

सहा फुट्यानं माझ्या हातातल्या बत्त्याकडे पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरकला.

"अकरमभाऊ, तू म्हने बाई फोडन म्हंते. मले गंमत वाटली होती! बाई, मागच्या साली तुमच्या वॉर्डातून तिसऱ्या अंकात पळून गेली थे कंपनी दुसरी होती!"

"हे काय आणलं?" मी अकरमला विचारलं.

"तुमीच तं सांगितलं! मिक्स पायजे. हा पाहा, हिरो. हा डोमा, खलनायक. हा पोचू, हसवते. अन्‌ ह्या बाई. चौघंही एका तऱ्हेचे नाई! डोमा जुना हाय, पन खवट नाई. मी विचारून घेतलं."

मागून पुष्पलता आली. तोंडात बोट! "वहिनी, हे कोण लोक आहेत?"

दादाजी दारात उभे होते. आठ दिवस साठवलेला शब्द त्यांनी काढला. "नट."

"ते दिसतंय! इथे कशाला?"

"तुझ्या वहिनीनं मागवले."

मी जयाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पुणं, कॉलेज, सोसायटी, सगळं त्या जीपच्या धुरात चाललं होतं. त्यात वॉर्डात बातमी फुटली. कुंपणापाशी माणसं जमू लागली. दोघी-तिघी तर बसायला पोती घेऊन आल्या आणि जागा धरून मोकळ्या झाल्या!

"काऊन वो बाई, आज दिवसाच हाय का नाटक?"

पुष्पलता ताठ झाली. "वहिनी, मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. आणि जयाचं म्हणाल तर..."

"थांब," डोमा म्हणाला. तो केव्हाचा तिच्या तोंडाकडे पाहत होता. लोंबती मिशी उपटून त्यानं खिशात टाकली. "पुस्पी?"

"काय?"

"तू पुस्पीच! प्रल्हाद!" त्यानं बाही वर केली. मनगटाच्या वर अर्धगोल वण होता, दातांचा. "पहा! तेहेतीस वर्सं झाले. मी हिरण्यकश्यपू, ही प्रल्हाद. गळा दाबाचा परवेश होता. ही अशी चावली, अशी चावली, का खांबातून नरसिंह निघाच्या आंधीच हिरण्यकश्यपू बोंबलत पडद्यामागं पळाला! नरसिंहानं मारावं कोनाले?"

अख्खं कुंपण हसलं. आणि मग माझ्या नणंदेनं, सोसायटीत राहणाऱ्या, गीझरवाल्या पुष्पलतानं, कमरेवर हात ठेवले.

"मी काऊन चावीन उगाच? तू माहा गळा खराखुरा दाबला होता! दारू पिऊन आला होता तू, डोम्या! मले श्वास घेता येऊन नाई राह्यला होता!"

"मी? मी अन्‌ दारू?"

"मंग का ताक पेलं होतं?"

अंगणात टाळ्या पडल्या. जया हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही 'मले' म्हणालात."

पुष्पलता थबकली. कान लाल झाले. मग ओसरीच्या पायरीवर मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी दादाजींकडे वळले.

"ही नाटकात काम करायची, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," ते म्हणाले. "तिनं शपथ घातली होती."

चारही नट रात्रीपासून उपाशी होते आणि आमचं जेवण आटोपलेलं. घरात होतं काय? टार्ट! मी परात बाहेर आणली. अक्रोडांची जागा मोकळीच राहिली.

पहिला घास डोमानं घेतला. म्हणजे घेऊ पाहिला. कट्ट असा आवाज आला. टार्ट होता तसाच होता. डोमानं तोंडात बोट घालून चाचपलं आणि दाढेचा तुकडा तळहातावर काढून पाहिला.

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "फोडन म्हनल्या होत्या, फोडलंच."

बाकीच्यांनी शहाणपणा केला. चमच्यानं कस्टर्ड आणि फळं खाल्ली. पोचू संपवून उठला आणि मागे मोरीकडे गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून पाहायला गेले, तर गडी राख लावून टार्ट घासत होता! चांगला खळखळून धुतला आणि वाट्यांच्या शेजारी पालथा घातला.

"तुमच्याकडची मातीची भांडी मजबूत हाय बाई," तो म्हणाला. "आमच्या सिरोंच्याकडं अशी नाई भेटत."

मी तो उचलून फडक्यानं पुसला. त्यानं इतक्या मनापासून घासला होता!

पुष्पलता दुसऱ्या दिवशी गेली नाही. डोमाच्या कंपनीचं नाटक मंगळवारी होतं, ते पोत्यावर बसून पहाटेपर्यंत पाहिलं आणि मगच निघाली. जीपमध्ये बसताना म्हणाली, "जूनमध्ये पाठवा जयाले. अन्‌ तिचं बोलनं बदलू नका. तिथं मले असं बोलाले हाय कोन? फक्त तिच्यासंगं थे टाट पाठवू नका."

जया चार वर्षं तिच्याकडे राहिली. आता कृषी खात्यात आहे. तिची मुलगी पुण्यात जन्मली आणि 'मले' म्हणते, ते आत्याआजीकडून. पुष्पलता गुडघे चालले तोवर दर डिसेंबरात नाटकाला यायची. डोमानं कवळी बसवली, आणि खलनायक सोडून म्हाताऱ्या बापाची कामं करू लागला. प्रत्येक गावात दाढेची गोष्ट सांगायचा, माझ्या नावासकट. पोचूनं सिरोंच्याला पानठेला टाकला. नूर मोहम्मद गेला. बेकरी खुर्शीदा आणि अकरम चालवतात. भट्टी जाऊन विजेची आली, पण खुर्शीदा अजून हात घालून मोजते. दादाजी दोन हजार अकरा साली गेले. शेवटच्या आजारातही नट म्हटलं की हसायचे.

पोचूनं धुतलेला टार्ट पुष्कळ वर्षं माझ्या देवघरात होता. त्यात मी कापूस ठेवायची. मुंग्यांनी दोन पावसाळे प्रयत्न केला आणि नाद सोडला.

परवा नातीचा फोन आला. तिनं नवा ओव्हन घेतलाय. "आजी, टार्ट करून राह्यली. नट किती घेऊ?"

"चार पुरे," मी म्हटलं. "पण बाई, आधी विचारून घे, जेवले आहेत का."