अ दर्जाच्या पोत्यांची मोहीम

सकल बटाटेखाऊ जनांचे सेवेसी विदित व्हावें जे, आम्ही लिहितों तें ऐकीव नव्हे. बाजारपेठेंत खुद्द उभे राहोन, हमालांचे धक्के खाऊन जें पाहिलें तेंच लिहितों. कोणास खोटें वाटे त्याणें खुशाल आपले घरीं बसोन भेंडी चिरावी.

मोहिमेचें कारण ऐसें जाहलें. कारखान्याचे कोपऱ्यावरील खानावळवाल्या मावशी यांणीं घाऊक बटाटेवाले अण्णा, पेठेचे मातबर सरदार, यांजकडोन ‘अ दर्जा’ चिठ्ठीचीं पोतीं नेलीं. तोंड उसवितां वरचे थरास तोफगोळे. हात घालितां खालीं निव्वळ गोट्या. मग त्या गोट्या सोलितां सोलितां मावशींचीं बोटें बधिर जाहलीं आणि भाजीस उशीर जाहला आणि कामगारांची जेवणाची सुटी संपली तरी ताट रिकामें. मग कामगारांनीं निर्वाणीचें सांगितलें जे, उद्यां ताट वेळेवर न आलें तर आम्ही पलीकडचे खानावळींत जाऊं. मावशींस एकच विवंचना: खानावळ गेली तर खावें काय, गोट्या?

सबब मावशींनीं दर्जा-तपासणीचे कचेरींत फिर्याद गुजारिली. पूर्वील तपासनीस पेठेंत येत, अण्णांचा चहा घेत आणि ‘सर्व आलबेल’ लिहोन परतत. नव्या तपासनीस बाई मात्र खमक्या. चहा पीतच नसत. मग बाई हेल्मेट चढवोन, पर्शींत लोखंडी कडी घालोन, स्कूटरवर आरूढ होऊन कूच करत्या जाहल्या. ही कडी म्हणजे सरकारचें अमोघ शस्त्र: अव्वल बटाटा तींत अडकावा, जो पार होय तो अव्वल नव्हे, थेट तिसरा, मग तो कोणाचाही असो.

मावशींसह अण्णांचे गाळ्यावर दाखल होतांच बाईंनीं फर्माविलें जे, पोतें उलटें करावें. मग पोतें उलटें जाहलें आणि बटाटे कडींतून ऐसे सटासट पार जाहले, जैसीं सुटीची घंटा होतां पोरें शाळेंतून. बघे खदखदले. अण्णा अंमळ हवालदिल जाहले, परंतु गडी मोठा बिलंदर; लागलीच दुसरा मोर्चा बांधिला.

“बाई, अ म्हणजे अव्वल असं कुणी सांगितलं तुम्हाला? अ म्हणजे अण्णा! अ दर्जा म्हणजे अण्णांचा दर्जा!”

मावशींनीं कपाळास हात लाविला. अक्षर मालकाचें ठरे तर चिठ्ठी खोटी नाहीं, आणि चिठ्ठी खोटी नाहीं तर माल बदलून मिळणें नाहीं. आम्हांसही वाटलें, सुटला की हो हा!

बाई गोड हसल्या.

“बरं, मान्य. पण अर्धवट चिठ्ठी चालायची नाही. मालकाचं नाव पूर्ण लिहायचं, आणि कडीनं ठरवलेला दर्जा, मोठ्या अक्षरात. हमालदादा, रंग आणा.”

मग रंगाचा डबा आला आणि पोत्यापोत्यावर लाल अक्षरें उमटलीं: ‘अण्णा. दर्जा तिसरा.’ आणि हमालांनीं तीं पोतीं पाठीवर घेऊन भर पेठेंत पुकारा केला, “सरका, सरका! तिसऱ्या दर्जाचे अण्णा आले!” अण्णांचें तोंड उतरलें, तरी पीळ उतरेना. इतक्यांत अण्णांचा जेवणाचा डबा घेऊन खासा वहिनीसाहेबांची स्वारी दाखल जाहली. त्यांणीं अक्षरें एकवार वाचिलीं, पुन्हां वाचिलीं.

“अगं बाई! आता सरकारनंही लिहून दिलं का? मी लग्न झाल्यापासून तोंडीच सांगतेय.”

तेणेंकरून अण्णांची फळी फुटली आणि ते शरण आले. मग तह जाहला ऐसा जे, मावशींचीं पोतीं तळापर्यंत अव्वल मालानें बदलून द्यावीं. इतःपर चिठ्ठीवर बटाट्याचाच दर्जा लिहावा, मालकाचा नव्हे. दुसरे दिवशीं जेवणाचे सुटीचा भोंगा होण्याचे आंत ताटें वाढोन तयार, आणि कामगार जेवले, आणि पलीकडचे खानावळीचें कोणी नांवही काढिलें नाहीं.

येणें रीतीनें मोहीम तडीस गेली. मनुष्यहानी शून्य, अण्णांची इभ्रत जखमी, मावशींची खानावळ शाबूत. सरकारची फत्ते जाहली, ती येथें कायम नोंदिली असे.