मानाची पेटी

समान वाटप हा न्यायाचा पाया आहे, आणि ते करायला वीज लागत नसेल तर मराठवाड्यात तो न्याय बारमाही मिळू शकतो. स्प्लिटर नावाची पेटी हेच करते. काचेच्या एका तारेतून आलेला प्रकाश ती आठ घरांना बराबर वाटते. तिला बटण नाही, बत्ती नाही, वशिला कळत नाही. घरातली माणसं ऊसतोडीला गेली तरी बंद कुलपाआड त्यांचा वाटा पोचत राहतो. (सरकारी योजनांनी अभ्यास दौरा काढावा.)

कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर हे वाटप मी, देविदास राठोड, करतो. नांदेडला प्रशिक्षण घेतलेला इथला मी एकटाच, त्यामुळे माझी चूक काढणारं कुणी नाही. तांड्यात मोबाइलला रेंज नाही, हाही माझ्या योग्यतेचा भाग आहे.

पहिली पेटी मी वरच्या ओळीतल्या खांबावर लावली. लगेच खालच्या ओळीतून धुरपताबाई आली.

"काहून रे देविदास, आमी माणसं न्हाईत का? आमची पेटी कुठंय?"

तिच्या घरी इंटरनेट व्यवस्थित चालू होतं, पण वरच्या ओळीतून आलेलं. तक्रार रास्त होती. मी तार दुभागून खालीही पेटी दिली. मग तांड्याचे प्रमुख, प्रेमसिंग नायक, यांच्या भिंतीला मानाची वेगळी पेटी आली. नायकांच्या भिंतीवर पेटी आणि इंटरनेटवाल्याची भिंत मोकळी, हे बरं दिसत नाही, म्हणून एक माझ्या दारात लावली. आठ तोंडांची. एका तोंडाला माझं घर, उरलेल्या सातांना टोपणं. प्रत्येक टोपणाला माझ्या घराइतकाच प्रकाश मिळतो. टोपणांची अद्याप तक्रार नाही.

वाटे वाढले की प्रकाश पातळ होतो. इतरांचं कसंबसं चालतं. माझ्या घरातल्या इंटरनेटच्या यंत्रावर मात्र प्रकाश कमी पडल्याची लाल बत्ती लुकलुकत असते.

अशात माझ्या पुजाला पुण्याच्या एका दवाखान्यातून नर्सच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओवर होती.

"बा, दारातली पेटी काढा," पुजा म्हणाली. "तार सरळ घरात घ्या. तेवढ्यानं भागतंय."

"आन् लोक काय म्हणतील? इंटरनेटवाल्याचीच पेटी गेली?"

"माझी नोकरी हाय बा."

"व्हय, पण भिंत समद्यांना दिसती ना!"

ही गोष्ट नायकांच्या कानावर गेली. मुलाखतीच्या दिवशी सकाळीच त्यांनी हाळी दिली, "पोरीचं काम हाय! समद्यांनी मशिनी बंद करा!" तांडा एकदिलाने उठला. धुरपताबाईने तर चालू मालिका सोडली. आता, यंत्र बंद केल्याने स्प्लिटरला काही फरक पडत नाही. बंद यंत्राचा प्रकाश शेजाऱ्याला मिळत नाही, तो तिथेच वाया जातो. हे तांड्यात मला एकट्याला ठाऊक होतं. मी हात जोडून सगळ्यांचे आभार मानले. डोळेसुद्धा भरून आले, आणि ते खरोखर.

पुजाने लाल बत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कागदपत्रांची पिशवी घेतली आणि मिळेल त्या जीपने कळमनुरी गाठली. तिथे रेंज आहे; झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून तिने मोबाइलवर मुलाखत दिली. नोकरी लागली.

तांड्यात पेढे वाटले गेले. "आमी मशिनी बंद केल्या म्हणून पोरगी लागली," असं धुरपताबाई सांगत फिरते. मीही मान डोलावतो.

आता पुजा पुण्याहून व्हिडिओ लावते. बायको, संगिता, फोन धरून बसते. पोरीचा आवाज येतो, चेहरा अर्ध्यात गोठतो. "लेकरू वाळलं का भरलं, तेबी दिसंना," म्हणून ती मला पेटी काढायला सांगते. मी तिला तांत्रिक अडचण समजावतो.

तुम्ही मला हसत असाल, तर जरूर हसा. पण पुजासाठी तुमचाही जीव थोडा हलला असेल, आणि तिच्याकरता आपलं यंत्र तासभर बंद ठेवायला तुम्ही आनंदाने तयार व्हाल, याची मला खात्री आहे. ज्याने कुणाचंच काही भलं होत नाही, ते सोडून द्यायला आपण सगळेच फार मोठ्या मनाचे असतो.