नास्तिकाला लागलेला कौल

मलेशियातल्या पिनांगच्या आमच्या बाजारात भुतांच्या महिन्याचा, म्हणजे आमच्या चिनी पितृपक्षाचा, यजमान निवडण्याची पद्धत पूर्ण लोकशाहीची आहे. मत मात्र फक्त देवाला असतं. प्रत्येक दुकानदार देवापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकतो. एक उताणी, एक पालथी पडली की देवाचा होकार. ज्याला सलग सर्वाधिक होकार, तो यजमान. मग देवाचं धूपपात्र त्याच्या घरी, आणि मांडव, नाटक, मेजवानी, रुसवेफुगवे त्याच्या डोक्यावर. म्हणून सगळे भाविक चंद्रकोरी टाकताना मनोभावे एकच प्रार्थना करतात: मी नको.

प्रार्थना न करणारा एकटा ऊई बून केंग. कॉफीचं दुकान चालवणारा, विवेक मंडळाचा अध्यक्ष आणि बाजाराचा मान्यताप्राप्त नास्तिक. तो शेजारधर्म म्हणून टाकायचा. यंदा त्याने टाकल्या आणि होकार थांबेचनात.

"योगायोग आहे हा," तो म्हणाला.

"असेल," टोफूवाली गाएक सिम मावशी म्हणाली. "पण योगायोगाने तुलाच बोलावलंय."

"मावशी, मी देव मानत नाही."

"ते देवाला ठाऊक आहे. त्याची हरकत नाही, मग तुझी कसली?"

बून केंगला जपायची होती ती फक्त नास्तिक म्हणून असलेली पत. नाही म्हणावं तर बाजार म्हणणार, देवाला घाबरला. हो म्हणावं तर मंडळ अध्यक्षपद काढून घेणार. त्याने मंडळापुढे ठराव ठेवला: धूपपात्र सांभाळणे ही पूजा नसून राखण आहे, आणि उदबत्ती हा डासांवरील उपाय आहे. ठराव मंजूर झाला. सभासदांनी मदतही देऊ केली, कारण मेजवानीला भाजलेलं अख्खं डुक्कर असतं आणि त्याविरुद्ध मंडळाचं काही धोरण नव्हतं.

काम चोख होऊ लागलं. भाविक उरलंसुरलं देवावर सोडतात. नास्तिकांना तशी सोय नाही. हे पाहून भाविक निर्धास्त झाले आणि सहकुटुंब लांगकावी बेटावर फिरायला गेले. देखरेखीला मावशी तेवढी राहिली.

नाटकाच्या वेळी मंडळाचा चिटणीस पहिल्या रांगेत बसला.

"ऊठ," बून केंग म्हणाला. "ती रांग भुतांची."

"भुतं नसतात, असं तूच शिकवलंस ना?"

"नसतातच. पण जागा त्यांची आहे."

शेवटच्या संध्याकाळी, भुतांना परत घेऊन जाणाऱ्या भूतराजाचा दुमजली कागदी पुतळा जाळायचा होता. मिरवणूक मैदानात पोचली आणि आभाळ काळंभोर झालं. कागद भिजला तर पुतळा पेटणार नाही, आणि पेटला नाही तर भूतराजा वर्षभर बाजारातच मुक्कामाला. मग खापर नास्तिकावर. पहिला थेंब पडला तसा बून केंग मांडवामागे गेला. मावशीही गेली.

"कुणाशी बोलतोयस रे?"

"स्वतःशी."

"'तासभर थांबव रे बाबा' हे स्वतःलाच?"

"हळू बोल, मावशी. मंडळाची माणसं ऐकतील."

"ती कुठली ऐकतायत. ती बघ तिकडे, डोळे मिटून उभी आहेत."

पुतळा झकास जळला. राख झाल्यावर पाऊस कोसळला.

दुसऱ्या दिवशी मंडळाने हा योगायोग असल्याचं एकमताने ठरवलं, बून केंगला अध्यक्षपदी कायम केलं आणि आभाराचा ठराव केला. आभार कुणाचे, यावर अजून एकमत नाही. तुम्ही हसताय, तर तुम्हीच मदत करा. मुलाच्या निकालाच्या सकाळी, कुणी बघत नाही असं पाहून, ज्याला तुम्ही "सांभाळ रे" म्हणालात, त्याचं नाव तेवढं कळवा.