रुडींची शेवटची पुंगळी

पुंगळी धुवावी तर मीच! गर्व नाही हा, अनुभव बोलतोय. आमच्या वरच्या मिशिगनात घरोघरी बंदूक, आणि झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देणारा माणूस उधळ्या समजला जातो. पुंगळी धुवायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी दाबायची, की पुढच्या हरणाला तयार. पण धुणं म्हणजे धुणं! बाकीचे लोक भुशात फिरवतात आणि काहीतरी काळपट पिवळं बाहेर काढतात. मी फिरत्या पिंपात पाणी, भांड्यांचा साबण, चमचाभर लिंबूसत्त्व आणि पोलादाच्या बारीक काड्या घालतो आणि तीन तास फिरवतो. जी पुंगळी बाहेर येते तिच्यात बघून दाढी करावी!

माझे सासरे रुडी वीटाला वीस वर्षं माझ्याच हातची काडतुसं वापरत. पण एकदा शाबास म्हणतील तर शपथ! "कशी आहेत?" विचारलं की "चालतं," एवढंच. लग्नाआधी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही हेच म्हणाले होते. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी शेवटचं हरीण मारलं आणि नाताळच्या आत स्वतःच गेले. तेव्हापासून घरात कुणी मोकळं हसलं नाही. त्या एका "चालतं"ची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

आता आमची एक रीत आहे. जंगलात आमची लाकडी खोली आहे, तिला आम्ही कॅम्प म्हणतो. तिथे चुलीच्या वर एक फळी आहे. आमच्यातला माणूस गेला की त्याने झाडलेली शेवटची पुंगळी हरणाच्या शिकारीच्या हंगामाच्या आदल्या दिवशी त्या फळीवर खिळ्याला अडकवायची, आणि ती तिथवर नेण्याचा मान जावयाचा. फळीवर अकरा आहेत. बारावी रुडींची. वर्षभर ती सासूबाईंच्या उशाशी होती, रुडींच्याच रुमालात गुंडाळलेली.

चौदा नोव्हेंबरला सकाळी सातला माझी बायको मार्लिस माहेरून तो रुमाल घेऊन आली.

"आई दोन वाजता येईल, मग सगळे कॅम्पवर जाऊ. आणि लेन, आई म्हणाली, नीट आण."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे नीट!" असं म्हणून ती पास्टीची, म्हणजे आमच्याकडच्या खिमा-बटाट्याच्या मोठ्या करंजीची, कणीक मळायला गेली.

मी रुमाल सोडला. अरेरे! पुंगळी काजळलेली, तोंडाशी काळीकुट्ट. अकरा जणांच्या पंगतीत माझे सासरे असे पारोसे बसणार? मी जिवंत असताना? शक्यच नाही!

पण एका पुंगळीसाठी पिंप कोण फिरवतो? माझ्या दोनशे अकरा धुवायच्या पडल्याच होत्या. संध्याकाळी त्यातल्या वीस भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हंगाम गाठायचा, असा माझा बेत होता. त्यांच्यातच रुडींची टाकली. मी काही मूर्ख नाही, आधी तिच्यावर पक्क्या शाईने ठळक फुली मारली. मग शिस्तीप्रमाणे सगळ्यांच्या जुन्या टोप्या ठोकून काढल्या आणि पिंप सुरू केलं.

तीन तासांनी झाकण उघडलं. काय झळाळी! दोनशे बारा पुंगळ्या, एकीला झाकावी आणि एकीला काढावी! आणि फुली एकीवरही नाही.

पक्की शाई म्हणे! माझ्या पिंपापुढे कुठलाच डाग टिकत नाही, हे गावभर सांगत फिरणारा मीच. मी सगळ्या पुंगळ्या ओव्हनच्या ताटात वाळत घातल्या आणि एकेक उलटून पाहू लागलो. वीस वर्षं माझी आणि रुडींची काडतुसं एकाच पेटीतून मी भरलेली. एकीत आणि दुसरीत फरक तो काय असणार?

"लेन, पास्टी आत ठेवायच्यात, ओव्हन तापलाय का?" म्हणत मार्लिस आली आणि ताटाकडे बघत तशीच उभी राहिली. "यातली बाबांची कुठली?"

"आहे ना, यातच आहे."

"यातली कुठली, लेन?"

"सगळ्याच छान निघाल्यात, नाही?"

ती खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आई रोज झोपताना तिचा वास घेते," ती हळूच म्हणाली. "बंदुकीच्या दारूचा आणि बाबांच्या तंबाखूचा. तेवढाच उरलाय त्यांचा. म्हणून म्हणाली, नीट आण. नीट करून आण नाही म्हणाली!"

मग एकदम डोक्यात उजेड! "रुमाल! वास रुमालात असणारच! कुठंय रुमाल?"

मार्लिसचा चेहरा उतरला. "धुण्याच्या मशीनमध्ये. किती कळकट झाला होता. म्हटलं, आईला असा कसा परत द्यायचा?"

वीस वर्षांच्या संसारात आमचं एका बाबतीत तरी पूर्ण जुळतं हे तेव्हा कळलं.

शेवटी शेजारच्या गॉर्डीला बोलावलं. तो रुडींचा जिवलग, पन्नास वर्षांचा शिकारीतला जोडीदार. बर्फ झटकत आत आला.

"काय रे, सासऱ्याला दुसऱ्यांदा अंघोळ घातलीस म्हणे?"

"गॉर्डीकाका, थट्टा नको. ओळखणार कशी?"

"सोपं आहे. रुडीच्या बंदुकीत टोपी फोडणारी सुई वाकडी होती. टोपीवर खड्डा मधोमध नाही पडायचा, कडेला पडायचा. टोपी बघ."

"टोप्या मी धुण्याआधीच काढल्या."

"टाकल्यास?"

"राखेच्या बादलीत."

गॉर्डीने माझ्याकडे असं पाहिलं की ते "चालतं" सुद्धा मला आता कौतुक वाटलं असतं. मग आम्ही दोघे ओसरीवर थंडीत बादली उपडी करून बसलो. मसुराच्या दाण्याएवढ्या टोप्या राखेतून वेचायच्या, फुंकायच्या, भिंगाखाली धरायच्या. मधोमध. मधोमध. मधोमध. दीड वाजता गॉर्डी ओरडला, "सापडला म्हातारा!"

खड्डा अगदी कडेला होता. आम्ही दोघेही डोळे पुसायला लागलो. राख गेली, असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं.

"पण ही बसवायची कुठल्या पुंगळीत?"

"कुठल्याही."

"हे खोटं नाही का होणार?"

"टोपी तर खरी आहे ना? मग गप बसव!"

बसवली. बरोबर दोनला सासूबाई आल्या. काळा कोट, काळी हॅट, वर्षभरात निम्म्या झालेल्या. मी पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटी केली आणि टोपीवरून अंगठा फिरवला.

"हा खड्डा रुडीचाच," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुंगळी नाकाशी धरली.

"लिंबू," त्या म्हणाल्या.

गॉर्डी पास्टीकडे बघायला लागला.

"जावईबापू, रुडीच्या अंगाला आयुष्यात कधी लिंबाचा वास आला नाही."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. फुली, पिंप, राख, सगळं. "टोपी त्यांची आहे, आई. पुंगळी दोनशे बारातली कुठली ते देवाला ठाऊक. चुकलो मी. त्यांना फळीवर सगळ्यांत चमकताना बघायचं होतं मला."

त्या रागावतील, रडतील, मला घराबाहेर काढतील, सगळ्याची तयारी होती. त्या ओव्हनपाशी गेल्या आणि ताटाकडे बघत राहिल्या.

"यातली एक नक्की त्याची आहे ना?"

"नक्की, आई."

"मग सगळ्या घे."

"सगळ्या?"

"दोनशे बाराच्या दोनशे बारा. त्याला मागे ठेवून मी कॅम्पवर जायची नाही."

त्या दुपारी मी आणि गॉर्डीने दोनशे बारा खिळे ठोकले. फळी भरली, मग चुलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती भरल्या. माझा अंगठा चारदा ठेचला. मार्लिस एकेक पुंगळी हातात देत होती, आणि सासूबाई खुर्चीवर बसून एकेक अडकताना बघत होत्या. चूल पेटली तशी सगळी भिंत झळझळायला लागली. अकरा जुन्या पुंगळ्या त्यात काळ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या, आणि खोलीभर लिंबाचा वास.

"रुडी काय म्हणाला असता, सांग," सासूबाई म्हणाल्या.

"चालतं?" मी भीत भीत म्हटलं.

"छे! तो म्हणाला असता, हा गाढव उद्या हरीण मारणार कशाने?"

आणि त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मार्लिस रडली, गॉर्डीच्या डोळ्यांत पुन्हा राख गेली. मीही हसत होतो, पण माझं हसू जरा लवकर थांबलं. पहाटे हंगाम सुरू होणार होता. माझ्याजवळची एकूण एक पुंगळी समोरच्या भिंतीवर होती, आणि त्यातली एकही खाली काढायची माझी छाती नव्हती.