कचऱ्याची वेटिंग लिस्ट

सातासमुद्रापार फ्रीमाँटला आमच्या लेकीच्या, दीपाच्या घरी गेल्या वर्षी एक गंभीर बाब उघडकीस आली. आमची नात आन्या ही इतरांसारखीच आहे, असं आढळून आलं.

आन्याचं वय तेरा. ती व्हायोलिन वाजवते, भरतनाट्यम करते, रोबो बनवते आणि शनिवारी बेघरांसाठी सँडविच भरते. आमचे जावई शैलेंद्र यांच्या मते परिस्थिती चिंताजनक होती, कारण त्या टाउनहाउसच्या ओळीतली प्रत्येक मुलगी हेच करते. सँडविच तर इतकी भरली जातात की अलीकडे बेघर कमी पडतात.

"कॉलेजवाले फाइल उघडणार आणि म्हणणार, आली आणखी एक," शैलेंद्र म्हणाले. कॉलेजला अजून पाच वर्षं होती. पण फ्रीमाँटमध्ये पाच वर्षं राहिली म्हणजे उशीर झालेला असतो.

उपाय आन्यानेच शोधून काढला. जपानमध्ये डोंगरातल्या एका गावी पहिली ते नववीची शाळा आहे. गावात मुलंच उरली नाहीत, म्हणून ते दरवर्षी एक परदेशी विद्यार्थी वर्षभरासाठी घेतात. राहायला गावातल्याच कुणाचं तरी घर.

"जपानी शाळा!" शैलेंद्र सोफ्यावरून उठले. "दीपा, आपल्यात जपान कुणी केलंय का?"

"शेजारच्या शिवांगीचा मुलगा सुशीच्या क्लासला जातो," दीपा म्हणाली.

"ते धरत नाहीत."

मी आन्याला बाजूला घेतलं. "तुला कशाला गं जायचंय तिकडे?"

"आजोबा, तिकडे kids walk to school," ती हळूच म्हणाली. "एकटी. No car, no nothing."

ही पोर गाडीच्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झालेली. तिची शाळा घराच्या खिडकीतून दिसते, तरी तिला गाडीने सोडतात, कारण मध्ये रस्ता आहे. एक वर्ष स्वतःच्या पायांनी, एकटीने शाळेत जायचं, एवढंच तिला हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. बापाला कळलं असतं तर त्याने चालण्याचा क्लास लावला असता.

शाळेची अट एकच होती. तिथे शिपाई नसतो. रोज दुपारी मुलंच वर्ग, जिने आणि संडास झाडून-पुसून काढतात. तेव्हा येणाऱ्या मुलाला आवराआवरीची सवय असावी. ती आहे की नाही हे बघायला शाळेच्या होशिनो बाई व्हिडिओवर भेटणार होत्या.

आमच्याकडे दर गुरुवारी साफसफाईची कंपनी येते, आणि मधल्या दिवसांत आपोआप झाडणारं एक चपटं गोल यंत्र कोपऱ्याकोपऱ्यात धडका देत फिरतं. गॅरेजमधून झाडू शोधून आणला तेव्हा आन्याने तो ओळखला, याचंच दीपाला कौतुक वाटलं.

शैलेंद्रनी बराच विचार केला. मग विचारलं, "सवय मिळते कुठे?"

सवय मिळण्याचं अधिकृत ठिकाण म्हणून मराठी मंडळाची निवड झाली. मंडळाचे कार्यक्रम एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन होतात. आभारप्रदर्शन सुरू झालं की तिथे दर वेळी एक चमत्कार घडतो: सगळ्यांना एकदम आठवतं की आपल्याला लांब जायचंय. समोर राहणाऱ्यांनाही. पाठीमागे उरतात चिटणीस सुमंत, खुर्च्यांचा समुद्र आणि सांडलेला मसालेभात.

"तुमची मुलगी झाडणार? स्वतः?" सुमंतनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "अहो, बारा वर्षं मी चिटणीस आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता."

"सर्टिफिकेट मिळेल ना?"

"सही-शिक्क्यासकट!"

शैलेंद्रनी ही बातमी अत्यंत गुप्त ठेवली. त्यामुळे ती पुढच्या गावाला, क्युपर्टिनोला, पोचायला शुक्रवार उजाडला.

पुढच्या कार्यक्रमाला नाटकापेक्षा जास्त गर्दी नाटक संपल्यानंतर झाली. पडदा पडला आणि चाळीस-पन्नास मुलं नव्याकोऱ्या एप्रनमध्ये झाडू घेऊन उभी. पाठीमागे पालक, फोन उगारून. सांडलेला मसालेभात पहिल्या तिघांतच संपला. एका आईने दुसरीच्या मुलावर आपल्या मुलाचं शीत पळवल्याचा आरोप केला. तात्काळ कचरा उपसमिती स्थापन करण्यात आली.

उपसमितीचा ठराव सुमंतनी वाचून दाखवला. "उपलब्ध कचरा आणि इच्छुक विद्यार्थी यांचं प्रमाण व्यस्त असल्याने, प्रत्येक पालकाने आपापल्या पाल्याचा कचरा घरून आणावा. कचरा कोरडा असावा. शेंगदाण्याची टरफलं चालणार नाहीत, ॲलर्जीचा प्रश्न आहे. एका पाल्यास एकच पिशवी. नावनोंदणी आवश्यक."

दीपाने दोन संध्याकाळी बसून रंगीत कागद कात्रीने बारीक कापले. "साधा कचरा दिसला तर आपण काही एफर्टच घेतला नाही असं वाटेल ना, बाबा," ती मला म्हणाली. शैलेंद्र मात्र सर्वोत्तम कचऱ्याच्या शोधात सॅन होजेपर्यंत जाऊन आले. ते परत येईतो नावनोंदणी बंद झाली होती.

"वेटिंग लिस्ट?" शैलेंद्र ओरडले. "सुमंत, यार, ज्या मुलीमुळे हे सगळं सुरू झालं तिलाच कचरा नाही?"

"नियम सगळ्यांना सारखे," सुमंत म्हणाले. वेटिंग लिस्ट चालवणाऱ्या माणसाला आवाज आपोआप फुटतो. "दिवाळीला बघू. दिवाळीला कचरा बराच होतो."

"होशिनो बाई या रविवारी भेटणार आहेत हो!"

"मग मूठभर देतो. पण झाडून झाल्यावर परत करायचा."

रविवारी नाटक संपल्यावर शैलेंद्र लॅपटॉप हातात धरून हॉलच्या मध्यभागी उभे राहिले. पडद्यावर होशिनो बाई, करड्या केसांच्या, शांत. समोर सोहळा सुरू झाला. पालकांनी कचरा उधळला. मुलांनी झाडला. फोटो हलला म्हणून पालकांनी तो पुन्हा उधळला. एका मुलाच्या वडिलांना डावीकडून प्रकाश हवा होता, म्हणून अख्खी रांग वळवण्यात आली.

बाईंनी हे सगळं पाहिलं. मग अगदी सावकाश इंग्रजीत विचारलं, "तो कचरा कुणाचा आहे?"

"आमचाच!" शैलेंद्र अभिमानाने म्हणाले. "घरून आणलाय."

पडद्यावर बाईंचा चेहरा थिजला. आम्हाला वाटलं इंटरनेट गेलं.

"आणि तिकडे मागे कोण आहे?"

मागे आन्या आणि मी खुर्च्या मिटवून भिंतीला लावत होतो. मूठभर कचऱ्याची तिची पाळी यायला अजून बराच वेळ होता. शैलेंद्रनी तिला खेचतच लॅपटॉपसमोर आणलं. "सांग, बेटा. लीडरशिपबद्दल सांग."

"I'm hungry," आन्या म्हणाली. "खुर्च्या आवरल्याशिवाय हॉल लॉक करत नाहीत. मग सुमंत काका can't go home. मग आम्ही पण नाही."

मग तिने तेच बाईंना इंग्रजीत सांगितलं. शैलेंद्रनी डोळे मिटून घेतले. बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही का नाही खुर्च्या उचलत?"

"मी लॅपटॉप धरलाय ना," शैलेंद्र म्हणाले. कुणालाही पटेल असंच उत्तर होतं.

दोन दिवसांनी ईमेल आलं. आन्याला प्रवेश मिळाला होता! दीपाने किंकाळी फोडली. आन्या तर जागच्या जागी चालूनच दाखवायला लागली. पण शैलेंद्र पुढे वाचत होते, आणि वाचता वाचता खाली बसत होते.

शाळेने लिहिलं होतं की मुलीची आम्हाला काळजी वाटत नाही. ती वर्षाने ज्या घरी परत जाणार, त्या घराची वाटते. तेव्हा वडिलांनी दोन पर्यायांपैकी एक निवडावा. पहिला पर्याय: मुलगी निघेपर्यंत मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर खुर्च्या आवराव्यात. फोटो काढू नये, सर्टिफिकेट घेऊ नये, कुणाला सांगू नये. तसं केल्यास मुलीने एकटीने यावं. दुसरा पर्याय: वडिलांनी सोबत येऊन आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात बसावं. पहिलीत दोनच मुलं आहेत, जागा आहे.

"बाबा, खुर्च्या!" आन्या म्हणाली. "Please. चारच तर प्रोग्रॅम आहेत."

"मी तुम्हाला मदत करतो, जावईबापू," मी म्हणालो. "काही विशेष नाही त्यात. दोन्ही हातांनी धरायची आणि मिटवायची."

"उचलण्याचं काही नाही हो, बाबा." शैलेंद्र खरोखर व्याकूळ झाले होते. "पण कुणाला सांगायचंच नाही? मग मी ते केलं हे मला तरी कसं कळणार?"

आन्या रडली. दीपाने समजावलं. एका कार्यक्रमाला शैलेंद्र मन घट्ट करून थांबलेदेखील. एक खुर्ची उचलली, मिटवली, आजूबाजूला पाहिलं. कुणीच बघत नव्हतं. त्यांनी ती खुर्ची पुन्हा उघडली आणि तिच्यावर बसून राहिले.

"पहिलीचं सर्टिफिकेट देतात का, विचार," ते दीपाला म्हणाले.

देतात. एप्रिलमध्ये दोघं गेली.

शैलेंद्र ज्या कंपनीत सीनियर डायरेक्टर आहेत, तिने वर्षभराची रजा आनंदाने दिली. इतक्या आनंदाने, की दीपाला थोडं वाईट वाटलं. त्यांचा एक फोटो आला आहे. त्या शाळेत पहिलीच्या मुलांनी पिवळी टोपी घालायची असते आणि मोठ्या मुलांनी त्यांना हात धरून शाळेत न्यायचं असतं. फोटोत डोंगरातला वळणाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना भातखाचरं. सर्वांत पुढे आन्या. तिच्या उजव्या हातात सहा वर्षांचा एक मुलगा, डाव्या हातात पिवळ्या टोपीतले शैलेंद्र. मुलगा समोर बघतोय. शैलेंद्र कॅमेऱ्याकडे बघताहेत. आन्या कुठेच बघत नाहीये. पोरीला एक वर्ष एकटीने चालायचं होतं.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर पडला, आणि त्याच आठवड्यात सतरा वडिलांनी पहिलीत प्रवेश मिळण्याबाबत चौकशी केली. शनिवारी सकाळी त्यांचा पहिलीच्या तयारीचा क्लास असतो. टोप्या एकगठ्ठा मागवल्या आहेत. क्लास मंडळाच्याच हॉलमध्ये भरतो आणि संपला की सगळ्यांना लांब जायचं असतं. खुर्च्या सुमंत एकटेच आवरतात. मी थांबलो असतो, पण मला गुडघ्याचा त्रास आहे, आणि मलाही लांब जायचं असतं.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. आता उठाल, तेव्हा एवढंच बघा, खुर्ची मागे ढकलून तशीच टाकून जाताय का. आत सरकवायची असेल तर सरकवा. फोटो काढायला कुणी येईल म्हणून थांबायचं असेल, तर बसा तिच्यावर. शैलेंद्रही बसलेच होते.